सुसम षटकोनातल्या सहा वर्तुळपाकळ्या : त्रिज्या ६ ची ७ केली की गणित कुठे फसतं

उदाहरण असं आहे. एका सुसम षटकोनाची बाजू १२ सेमी आहे. प्रत्येक शिरोबिंदू केंद्र मानून ७ सेमी त्रिज्येचा कंस षटकोनाच्या आतून काढला आहे. सहाही वर्तुळपाकळ्या वगळल्यावर मधोमध जो भाग उरतो, त्याचं क्षेत्रफळ किती?

नेहमीच्या रीतीने, म्हणजे षटकोनाच्या क्षेत्रफळातून सहा पाकळ्यांची बेरीज वजा करून, सोडवलं तर उत्तर ६६.२५ चौसेमी येतं. बरोबर उत्तर ९५.५३ चौसेमी आहे. सूत्र योग्य, आकडेमोड योग्य, तरी सुमारे २९ चौसेमींची तफावत पडते. ६६.२५ हा आकडा दिसायलाही पटण्यासारखा असल्यामुळे तपासणारासुद्धा सहज फसतो. ही तफावत नेमकी कुठून येते ते पाहण्यासाठी आधी त्रिज्या ६ सेमी घेऊ, कारण नेहमीची रीत तिथली आहे आणि तिथे ती पूर्णपणे बरोबर आहे.

त्रिज्या ६ सेमी

षटकोनाला क्रमाने अ, ब, क, ड, इ, फ अशी नावं देऊ आणि मध्यबिंदूला म म्हणू. म पासून सगळ्या शिरोबिंदूंना रेषा जोडल्या की सहा समभुज त्रिकोण होतात. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ (√३ ÷ ४) × १२² = ३६√३. म्हणून षटकोनाचं क्षेत्रफळ

२१६√३ = ३७४.१२ चौसेमी.

षटकोन नसेल तर हेच काम बाजूंची संख्या × बाजू² ÷ (४ × टॅन(१८०° ÷ बाजूंची संख्या)) या सूत्राने होतं. षटकोनासाठी त्याची गरज पडत नाही.

आता पाकळ्या. सुसम षटकोनाचा आंतरकोन १२०°, म्हणजे प्रत्येक पाकळी एकतृतीयांश वर्तुळ. अशा सहा पाकळ्यांची मिळून दोन पूर्ण वर्तुळं होतात.

२ × पाय × ३६ = ७२ पाय = २२६.१९ चौसेमी

उरलेला भाग ३७४.१२ − २२६.१९ = १४७.९३ चौसेमी, म्हणजे षटकोनाच्या साधारण ३९.५ टक्के.

‘दोन वर्तुळं’ हा निष्कर्ष फार कामाचा आहे. बहुभुजाच्या सगळ्या आंतरकोनांची बेरीज (बाजूंची संख्या − २) × १८०° असते. सगळ्या पाकळ्यांची त्रिज्या सारखी असेल तर त्यांची एकूण (बाजूंची संख्या − २) ÷ २ इतकी वर्तुळं भरतात : त्रिकोणात अर्धं, चौकोनात एक, पंचकोनात दीड, षटकोनात दोन, अष्टकोनात तीन. इथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. या बेरजेला बहुभुज सुसम असण्याची गरजच नाही. वेड्यावाकड्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर सारख्या त्रिज्येच्या पाकळ्या काढल्या, तरी त्यांचं एक वर्तुळ होतंच. ‘सुसम’ ही अट लागते ती बहुभुजाचं स्वतःचं क्षेत्रफळ सहज काढता यावं म्हणून.

या टप्प्यावर सगळ्यात जास्त होणारी चूक कोनाची आहे. षटकोन म्हटलं की ६०° डोक्यात बसलेले असतात, कारण म जवळचे कोन ६०° चे असतात. मग पाकळीचा कोनही ६०° धरला जातो, सहा पाकळ्यांचं एकच वर्तुळ होतं, ११३.१० चौसेमी येतात आणि उरलेला भाग २६१.०३ चौसेमी निघतो. कंपासचं टोक ज्या बिंदूवर टेकवलं आहे, त्याच बिंदूजवळचा कोन पाकळीला लागतो. टोक शिरोबिंदूवर असेल तर १२०°, म वर असेल तर ६०°. कंस षटकोनाच्या बाहेरून काढले असतील तर कोन ३६०° − १२०° = २४०° होतो आणि सहा पाकळ्यांची चार वर्तुळं होतात. आतली दोन आणि बाहेरची चार मिळून सहा शिरोबिंदूंभोवतीची सहा पूर्ण वर्तुळं झाली पाहिजेत. कोन बरोबर घेतला की नाही हे ताडून पाहायला एवढी बेरीज पुरते.

दुसरी अडचण दशांशांची. √३ = १.७३ आणि पाय = ३.१४ घेतलं तर ३७३.६८ − २२६.०८ = १४७.६० येतं. फरक ०.३३ चौसेमींचा, आणि त्यात मोठा वाटा १.७३ चा आहे, कारण तो आकडा २१६ ने गुणला जातो. उत्तर २१६√३ − ७२ पाय असंच शेवटपर्यंत ठेवावं आणि किंमत अगदी शेवटी घालावी.

उरलेल्या भागाची परिमिती विचारली तर तिच्यात सरळ रेघ कुठेच नाही. शेजारचे कंस बाजूच्या मध्यबिंदूवर एकमेकांना टेकतात, त्यामुळे सगळी हद्द कंसांचीच : २४ पाय, म्हणजे ७५.४० सेमी. त्रिज्या ५ सेमी असती तर प्रत्येक बाजूचा मधला २ सेमीचा तुकडा उघडा राहिला असता आणि परिमितीत १२ सेमी सरळ रेघेची भर पडली असती.

त्रिज्या ७ सेमी

आता तीच रीत ७ साठी वापरू. दोन वर्तुळं म्हणजे ९८ पाय = ३०७.८८ चौसेमी. वजाबाकी ६६.२५. त्रिज्या वाढली, पाकळ्या मोठ्या झाल्या, उरलेला भाग कमी झाला. सगळं तर्काला धरून वाटतं.

पण बाजू अब कडे पाहा. अ पासून ७ सेमी आणि ब पासून ७ सेमी, बाजू मात्र १२ सेमीच. मधला २ सेमीचा तुकडा दोन्ही पाकळ्यांत येतो. त्या तुकड्यावर उभी असलेली, खाली रुंद आणि वर टोकदार अशी एक फाक दोन्ही पाकळ्यांच्या क्षेत्रफळात मोजली गेली. अशा सहा बाजूंवर सहा फाका, आणि प्रत्येक फाक दोनदा वजा झाली.

कागद हे लगेच दाखवून देतो. बाजू १२ सेमी घेतली तर षटकोनाची समोरासमोरच्या बाजूंमधली रुंदी २०.७८ सेमी होते, ए-४ कागद २१ सेमी रुंद असतो, म्हणजे आकृती जेमतेम मावते. त्यापेक्षा सगळं निम्म्यावर आणावं : बाजू ६, त्रिज्या ३ आणि दुसऱ्या कागदावर ३.५. पहिल्या कागदातून सहाही पाकळ्या कात्रीने सुट्या कापता येतात आणि टोकाला टोक लावून तीन-तीन मांडल्या की दोन चकत्या तयार होतात. दुसऱ्या कागदावर अ ची पाकळी कापून काढली की ब च्या पाकळीचा एक लचका तिच्याबरोबर निघून येतो. सहा पूर्ण पाकळ्या त्या एका कागदातून निघूच शकत नाहीत, आणि सूत्र तर सहा पूर्ण पाकळ्या धरून चाललेलं आहे. सेंटिमीटरच्या चौकटींच्या कागदावर हीच आकृती काढून मधल्या उरलेल्या भागातल्या चौकटी मोजल्या तर त्या २४ च्या आसपास भरतात. मापं निम्मी म्हणजे क्षेत्रफळ चौथाई, ९५.५३ ची चौथाई २३.८८ आणि ६६.२५ ची १६.५६. हाताने मोजतानाही २४ आणि साडेसोळा यांत गल्लत होण्यासारखी नाही.

बरोबर उत्तर काढायला दोन वाटा आहेत.

पहिली वाट : दोनदा वजा झालेल्या फाका परत मिळवायच्या. अ आणि ब चे कंस जिथे छेदतात तो बिंदू प. अप = बप = ७, आणि प ची बाजूपासूनची उंची √(७² − ६²) = √१३ = ३.६०६ सेमी. कोन पअब चा कोसाइन ६ ÷ ७, म्हणून तो कोन ३१.००३°. एका फाकेचं क्षेत्रफळ म्हणजे ३१.००३° च्या दोन छोट्या पाकळ्यांच्या बेरजेतून त्रिकोण अपब वजा :

२ × (३१.००३ ÷ ३६०) × ४९ पाय − ६√१३ = २६.५१ − २१.६३ = ४.८८ चौसेमी

सहा फाका २९.२८ चौसेमी. ६६.२५ + २९.२८ = ९५.५३.

४.८८ हा आकडा खरा वाटतो का, हेही तपासून घ्यावं. फाकेचा पाया २ सेमी, उंची ३.६ सेमी. तेवढ्याच पायाचा आणि उंचीचा त्रिकोण ३.६ चौसेमीचा, आयत ७.२ चौसेमीचा. फाकेच्या कडा बाहेर फुगलेल्या असल्यामुळे उत्तर या दोहोंच्या मध्येच यायला हवं, आणि ते तसं आहे.

दुसरी वाट जास्त चांगली आहे, कारण तिच्यात कुठलाच भाग दोनदा मोजला जात नाही. झाकलेला भागच वेगळ्या पद्धतीने कापायचा. प्रत्येक बाजूवर अपब सारखा एक समद्विभुज त्रिकोण असतो, आणि बाजूलगतच्या ३१° मध्ये दोन पाकळ्या मिळून जे झाकतात ते बरोबर हा त्रिकोणच. मग प्रत्येक शिरोबिंदूजवळ १२०° − २ × ३१.००३° = ५७.९९५° एवढी मधली पाकळी शिल्लक राहते.

सहा त्रिकोण : ६ × ६√१३ = १२९.८० चौसेमी
सहा मधल्या पाकळ्या : ६ × (५७.९९५ ÷ ३६०) × ४९ पाय = १४८.७९ चौसेमी

३७४.१२ − १२९.८० − १४८.७९ = ९५.५३ चौसेमी. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात.

या वाटेत एक सावधगिरी हवी. कोन पअब कोनमापकाने मोजून घेऊ नये. तो ३१° ऐवजी ३०° वाचला गेला तर प्रत्येक मधली पाकळी २° ने मोठी होते, सहा पाकळ्या मिळून १२° ने, आणि उत्तर सुमारे ५.१ चौसेमींनी घसरून ९०.३८ वर येतं. कोन ६ ÷ ७ वरून गणनयंत्राने काढावा आणि दशांशाची तीन स्थळं ठेवावीत.

गणनयंत्र वापरायचं नसेल आणि तरीही ओव्हरलॅपचं उदाहरण घालायचं असेल, तर ७ च्या जागी ४√३ सेमी (म्हणजे ६.९३ सेमी) त्रिज्या द्यावी. मग कोन पअब नेमका ३०° होतो, प ची उंची २√३, त्रिकोण अपब १२√३ आणि मधली पाकळी ६०° ची, म्हणजे ८ पाय. उरलेला भाग

२१६√३ − ७२√३ − ४८ पाय = १४४√३ − ४८ पाय = ९८.६२ चौसेमी.

नेहमीच्या रीतीने इथे ७२.५३ येतं, म्हणजे चूक तितकीच स्पष्ट उघडी पडते आणि कोष्टक उघडावं लागत नाही. शिकवण्यासाठी हाच आकडा उत्तम.

त्रिज्या किती असली की काय होतं, हे या षटकोनासाठी नीट सांगता येतं. ६ सेमीपर्यंत पाकळ्या सुट्या असतात. ६ च्या पुढे शेजारच्या पाकळ्या एकमेकींवर चढतात. ६√३, म्हणजे १०.३९ सेमीच्या पुढे एकाआड एक पाकळ्याही एकमेकींना भिडतात, कारण अक चं अंतर १२√३ आहे. तिथून पुढे तीन-तीन पाकळ्यांचा सामाईक भाग तयार होतो आणि वरची पहिली वाट जशीच्या तशी चालत नाही. १२ सेमीच्या पुढे पाकळी षटकोनाच्या बाहेरच जाते. नेहमीच्या रीतीचं उत्तर ७.७२ सेमीच्या सुमारास शून्य होतं आणि नंतर ऋण. ८ सेमी त्रिज्येला −२८ आलं की चूक झाल्याचं कोणालाही कळतं. धोका ६ ते ७.७ च्या पट्ट्यात आहे, जिथे उत्तर धन येतं, लहान येतं आणि चुकीचं असतं. म्हणून बेरीज करण्याआधी दोन त्रिज्यांची बेरीज बाजूपेक्षा मोठी तर नाही ना, एवढं पाहून घ्यावं.

त्रिज्या १२ सेमी

त्रिज्या बाजूइतकी केली की सहाही कंस म मधून जातात आणि आत सहा पाकळ्यांचं ते ओळखीचं फूल उमलतं. (इथे ‘फुलाची पाकळी’ आणि ‘वर्तुळपाकळी’ वेगळ्या आहेत. घोळ टाळण्यासाठी फुलाच्या पाकळीला पान म्हणू.) पान मब हे अ आणि क यांच्या कंसांमध्ये सापडलेलं असतं.

सहा वर्तुळपाकळ्यांची बेरीज २ × पाय × १४४ = ९०४.७८ चौसेमी. षटकोनच ३७४.१२ चौसेमीचा, त्यामुळे हा आकडा बहुतेक वेळा चुकीचा म्हणून खोडला जातो. खोडू नये, त्यात फुलाचं क्षेत्रफळ दडलेलं आहे.

ही बेरीज म्हणजे थरांची मोजदाद आहे. बाजू अब च्या मध्यबिंदूजवळची जागा पाहा : ती अ च्या आणि ब च्या वर्तुळपाकळीत आहे, क पासून मात्र ती १५.८७ सेमी दूर आहे, म्हणजे बाहेर. तिथे दोन थर. पान मब मधला कुठलाही बिंदू अ, ब आणि क या तिघांच्या आवाक्यात येतो. तिथे तीन थर. षटकोनात याखेरीज तिसरा प्रकार नाही. पानांबाहेर सगळीकडे दोन, पानांत तीन. मग

९०४.७८ = २ × ३७४.१२ + सहा पानांचं क्षेत्रफळ

आणि सहा पानं १५६.५३ चौसेमींची. एक पान २६.०९ चौसेमी. वर्तुळखंडाच्या सूत्राने पडताळून पाहता येतं : एका पानात ६०° चे दोन वर्तुळखंड असतात, प्रत्येकाचं क्षेत्रफळ १४४ × (पाय ÷ ६ − √३ ÷ ४) = १३.०४, दोन मिळून २६.०९. वर्तुळखंडाची रीत रूढ आहे, पण तिच्यात बारा तुकडे मोजावे लागतात. थरांच्या रीतीत एक गुणाकार आणि एक वजाबाकी, आणि काय मोजलं जातंय हे डोळ्यांसमोर राहतं.

हीच थरांची रीत चौरसात

१२ सेमी बाजूच्या चौरसाच्या चारही शिरोबिंदूंवरून १२ सेमी त्रिज्येचे कंस काढले तर चार पाव वर्तुळांची बेरीज १४४ पाय = ४५२.३९ चौसेमी येते. षटकोनासारखं २ × १४४ वजा करून थांबलं तर १६४.३९ मिळतात, पण हा आकडा कुठल्याच एका भागाचा नाही. चौरसात थरांचे तीन प्रकार होतात : बाजूंच्या मध्याजवळ दोन, कोपऱ्यांकडे तीन आणि अगदी मधल्या फुगीर चौकोनात चार. त्यामुळे १६४.३९ म्हणजे तीन थरांचा भाग अधिक चार थरांच्या भागाची दुप्पट. अज्ञात संख्या तीन आणि समीकरणं दोनच, म्हणून मधला भाग स्वतंत्रपणे काढावाच लागतो.

त्याच्या चारही कडा ३०° चे कंस आहेत. कंसांची टोकं जोडणारा आतला चौरस १४४ × (२ − √३) = ३८.५८ चौसेमी. त्यावरचे चार वर्तुळखंड ४ × ७२ × (पाय ÷ ६ − १ ÷ २) = ६.८० चौसेमी. मधला भाग ४५.३८ चौसेमी. मग तीन थरांचे चार तुकडे मिळून १६४.३९ − ९०.७६ = ७३.६३ आणि दोन थरांचे चार तुकडे मिळून १४४ − ४५.३८ − ७३.६३ = २४.९९ चौसेमी.